स्कूटरचे तीन हंगाम

मामांच्या घरी मी पहिला चहा प्याले तो दोन कपांत. अर्धा कप एका पुडीचा, अर्धा कप दुसऱ्या पुडीचा. मी वरची खोली भाड्याने मागायला गेले होते आणि हा माणूस माझ्यासमोर स्टुलावर दोन कप ठेवून, हाताची घडी घालून उभा होता.

"आधी डावा प्या," ते म्हणाले. "मंग पानी प्या. मंग उजवा."

मी सांगितलं तसं केलं आणि भीतभीत म्हटलं, दोन्ही चांगले आहेत. मामांचा चेहराच पडला.

"दोन्ही चांगले असं नसतंय पोरी. एक कुठला तरी कमी असतोच. बिलकुल असतोच."

"अहो, तिला बिस्कीट तरी द्या," आतून बाईंचा आवाज आला. "का त्याचीबी परीक्षा हाय?"

त्या मामी. खोली मला मिळाली, पण ट्रायलवर. पावसाळा संपेपर्यंत राहायचं, मग मामा ठरवणार. पावसाळ्यात माणूस कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जिन्यात चिखल किती आणतो, कपडे कुठे वाळत घालतो, लाइट गेली की किती आरडाओरडा करतो. मी पास झाले की नापास, हे त्यांनी तोंडाने कधीच सांगितलं नाही. दिवाळीत फराळाचं ताट वर आलं, त्यावरून मी काय ते समजले.

मामांच्या गोष्टी सांगायला बसले की मी हसत सुरुवात करते. माझ्या नवऱ्याला त्या आता पाठ झाल्या आहेत. पण स्कूटरची गोष्ट आली की माझं हसणं कुठेतरी थांबतं, आणि मग उरलेली संध्याकाळ मला उगाच वाईट वाटत राहतं.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मामा प्लॉटवरचे साहेब होते आणि मी लॅबमध्ये नवीन भरती. ड्रायव्हरपासून शेठपर्यंत सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. शेठ वयाने मोठे, तरी त्यांनाही हे मामाच. उंच, काटकुळा माणूस. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले आणि काखेत बारा महिने छत्री. त्यांचं काम म्हणजे कपाशीचा नवा वाण आणि जुना, खात्रीचा वाण शेजारी शेजारी पेरायचा आणि बघत राहायचं. सारखी जमीन, सारखं खत, सारखं पाणी. कोण कुठे कमी पडतो ते शोधायचं. एखादा वाण तीन हंगाम टिकला तरच मामा त्याच्यासाठी सही करत. त्यांची सही झाल्याशिवाय बियाणं बाजारात जात नसे.

एका वर्षी पाऊस अगदी मागून घेतल्यासारखा पडला आणि एक नवा वाण बघावा तिथे बोंडांनी लगडला. डीलर लोक शिवारफेरीला आले आणि झाडांसोबत फोटो काढून गेले. शेठनी ऑफिसात पेढे वाटले. मामांनी पेढा खाल्ला आणि सही करायला नकार दिला.

"शेठ, एका पावसाळ्यावर मी सही करनार न्हाई."

"मामा, सगळा बाजार मागून राह्यला!"

"बाजार मागू द्या. वाण अजून बोलला न्हाई."

शेठ त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. पुढच्या वर्षी पावसाने ऐन फुलोऱ्यात दडी मारली आणि त्या वाणाच्या कळ्या, फुलं सगळी गळून खाली. शेजारचा जुना वाण मात्र तग धरून उभा. शेठ गाडीतून उतरून, चांगल्या बुटांनी काळ्या ढेकळांतून चालत आले, आणि सगळ्यांसमोर मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मामा, तुमचं बराबर होतं." आम्ही टाळ्या वाजवल्या. मामा लाजले आणि त्यांनी उगाच छत्री उघडली. त्या दिवशी शेठनी ती पाठ थोपटली नसती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. कारण तेव्हापासून मामांनी तीन हंगामांचा नियम घरातही आणला.

तसा तो स्वभाव मूळचाच. मामी आष्टीच्या. मामा त्यांना बघायला गेले ते उन्हाळ्यात. पोहे खाल्ले, मुलगी पसंत का विचारल्यावर म्हणाले, पुन्हा एकदा येऊन बघतो. पावसाळ्यात परत गेले. पुन्हा पोहे. पुन्हा तेच उत्तर. ही गोष्ट मामी सांगायच्या तेव्हा तोंडाला पदर लावून इतक्या हसायच्या की शेवटचं वाक्य नीट बाहेर पडायचं नाही.

"मंग आमच्या दादांनी निरोप धाडला. म्हने, पाव्हनं, पोरगी हाय आमची, ज्वारी न्हाई. आता तिसऱ्यांदा याल तर वऱ्हाड घेऊनच या."

"मी हिवाळ्यात येनारच होतो की," मामा शेजारून म्हणायचे, अगदी गंभीरपणे.

मामी त्यांच्या कोपरापर्यंत यायच्या. बुटक्या, चपळ, सतत काहीतरी करणाऱ्या. लग्नाआधी त्यांनी डी.एड. केलं होतं आणि आष्टीच्या शाळेत एक वर्ष पहिलीचा वर्ग घेतला होता. लग्न झालं, मुलगा झाला, सासू आजारी पडली, आणि ते एक वर्ष तेवढंच राहिलं. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर त्या दुपारी गल्लीतली पोरं पायरीवर गोळा करून त्यांच्याकडून बाराखडी म्हणवून घ्यायच्या. फीबी न्हाई आन् सुट्टीबी न्हाई, असं मामा कौतुकाने म्हणत.

एका मे महिन्यात मामींची डी.एड.ची मैत्रीण लग्नाची पत्रिका द्यायला आली. ती नदीपलीकडे जुन्या जालन्यातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती. बोलता बोलता ती म्हणाली, जूनपासून पहिलीला बाई पाहिजे, तू ये. ती गेल्यावर मामी धावत जिना चढून माझ्या खोलीत आल्या. हात कणकेने भरलेले.

"पहिली मिळून राह्यली मला!" त्या म्हणाल्या. "पहिली, पोरी! मोठ्या पोरांना कुनीबी शिकवतंय. पहिलीला मानूस लागतंय."

अडचण एकच होती. शाळा सकाळी सातची, आमची कॉलनी गावाच्या पार बाहेर, आणि आठच्या आधी तिथे ऑटो फिरकत नसे. मामांना न्यायला कंपनीची जीप पहाटेच यायची. माझी लहान स्कूटर मी आनंदाने दिली असती, पण त्याच वेळी मलाही लॅबला पोचायचं असायचं. तेव्हा घरात स्कूटर हवी होती. मामांची मोटारसायकल कमरेच्या दुखण्याने आधीच विकली गेली होती, म्हणजे गाडी घ्यायची वेळ आलीच होती.

मामा एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण नंतर ऑफिसातल्या काहींनी त्यांना कंजूष म्हटलं, काहींनी बायकोला दाबणारा म्हटलं. दोन्ही खोटं. खर्चाची त्यांना फिकीर नव्हती आणि मामी शाळेत जाणार याचा त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी प्लॉटवरच्या बायकांना सांगितलं, आमच्या घरात मास्तरीन येऊन राह्यली. पुढच्याच रविवारी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो.

तिथे दोन गाड्या समोरासमोर लावलेल्या होत्या. एक लहान, हलकी, सीट खाली. दुसरी मोठी, रुंद सीटची, जाड चाकांची, दमदार इंजिनाची. मामा एकीभोवती फिरले, मग दुसरीभोवती. खाली वाकून बघितलं, हँडल हलवलं, सीटवर तळहात दाबला. मामी लहान गाडीच्या शेजारी उभ्या होत्या, तिथून त्या हलल्या नाहीत.

शोरूमवाला चांगला माणूस होता. त्याने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला.

"साहेब, चालवनार कोन?"

"ते मंग बघू," मामा म्हणाले. "आधी गाडी तर ठरू द्या."

मी मामींकडे बघितलं. त्या हसल्या. तेव्हा ते खरंच हसण्यासारखं होतं.

आणि मग ट्रायल सुरू झाली. लहान गाडी माझीच होती. मोठी आमच्या अकाउंटंटची. त्याच्या घरचे पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आले आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, स्थिरावले. "मामा, ले जाओ, घरचीच गाडी हाय," तो म्हणाला, "पर मामीला पाडू नका." दर रविवारी सकाळी मामा दोन्ही गाड्या घेत. अंबड रस्त्याला एक ठरलेलं चहाचं हॉटेल होतं, तिथपर्यंत एका गाडीवर जायचं, परत यायचं, की लगेच दुसऱ्या गाडीवर. पुढच्या रविवारी क्रम उलटा. मामी मागे. त्यांच्या मांडीवर गव्हाची पिशवी.

"पिशवी कशाला?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"बाजार केल्यावर येताना वजन नसतंय का? वजन बराबर पायजे. न्हाई तर एका गाडीवर अन्याय व्हतो."

पावसाळ्यात मी गच्चीतून बघायचे. मामा पुढे ताठ, हेल्मेटच्या आत चष्मा धुरकटलेला. मागे रेनकोटातल्या मामी, पिशवीला प्लास्टिक गुंडाळून पोटाशी धरलेल्या. परत आले की मामा मला जिन्यात थांबवून निकाल सांगत. चिखलात लहान गाडी बरी, पाय टेकवून सावरता येते. पण ट्रक बाजूने गेला की तीच हलते, मोठी जागची ढळत नाही. खड्ड्यात मोठी. वळणावर लहान. हे सगळं ते इतक्या मन लावून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, या दोन गाड्यांपैकी एकीला फाशी व्हायची आहे.

"मग काय ठरलं मामा?" मी विचारायचे.

"सध्या बरोबरीत. हिवाळा बघू."

जून उलटला. मुख्याध्यापिकेने तात्पुरती एक बाई घेतली आणि मामींना सांगितलं, दिवाळीनंतर तरी ये, जागा तुझीच आहे. मामींनी ते मामांना सांगितलं आणि मामा म्हणाले, बघ, बाई किती समजूतदार हाय.

ऑफिसात तर करमणूकच झाली होती. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारायचं, मामा, बोंडं लागली का गाडीला? मामा चिडत नसत. त्यांना वाटायचं, लोकांना खरोखर उत्सुकता आहे. मध्येच कुणीतरी विजेवर चालणारी गाडी घेऊन आलं आणि आम्हाला धडकी भरली की आता हा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो की काय. पण मामांनी तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. "ट्रायल सुरू असताना मधीच नवा वाण घालत न्हाईत," ते म्हणाले. नियम म्हणजे नियम.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मामी वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला शिकव ना." मामा प्लॉटवर गेले होते. कंपनीच्या गोदामामागे मोकळं मैदान होतं, तिथे मी त्यांना माझी गाडी दिली. त्यांचे दोन्ही पाय छान जमिनीला टेकले. पहिल्या फेरीला त्या किंचाळल्या, दुसऱ्या फेरीला गप्प झाल्या, आणि त्यानंतर त्या मैदानात गोल गोल फिरत राहिल्या, पदर कमरेला खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. मी थांबा म्हटलं तरी थांबेनात. शेवटी त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं आलं, असं त्या म्हणाल्या. अकाउंटंटची मोठी गाडीही आम्ही त्याच सकाळी आणून बघितली. तिच्यावर बसल्यावर मामींचे नुसते चवडे टेकत होते आणि गाडी एका बाजूला कलली की त्यांना ती आवरत नव्हती. म्हणजे प्रश्नच नव्हता. एका सकाळीत निकाल लागला होता.

संध्याकाळी मी मामांना सगळं सांगितलं. मामींना लहान गाडी येते, मोठी आवरत नाही, तुम्ही एकदा मैदानावर येऊन बघा. मामा खूश झाले. खरंच झाले.

"अरे वा!" ते म्हणाले. "शाब्बास. पन एका सकाळवर कसं ठरवायचं पोरी? हिवाळा तर जाऊ दे."

मी त्या दिवशी फार चिडले. चाळीसएक वर्षांच्या बाईने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गाडी चालवली आणि हा माणूस तिला हवामान सांगतो! पण मामांवर राग टिकत नसे. ते लगेच माझ्यासाठी पेरू कापायला बसले. अर्थात दोन झाडांचे.

हिवाळ्यात थंडीत कोणती गाडी लवकर सुरू होते ते झालं. समोरच्या वाऱ्यात कोण दमतं ते झालं. संक्रांत झाली. मामी मागे बसून जात राहिल्या. पिशवी मांडीवर. आता त्या मला जिन्यात थांबून काही सांगत नसत, सरळ आत जाऊन गव्हाची पिशवी कोठीत ठेवून देत.

पाडव्याच्या आसपास मुख्याध्यापिकेचा फोन आला. तात्पुरती बाई सोडून चाललीय, नव्या वर्षाची कायमची नेमणूक आत्ताच करायची आहे, हो की नाही सांग. मी खाली पाणी भरायला आले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोरच झालं. मामींनी फोन हाताने झाकला आणि मामांना विचारलं.

"गाडी आनायची का या आठवड्यात? हो सांगू का त्यांना?"

"सांग की. फक्त उन्हाळा होऊ दे म्हनावं."

"उन्हाळा?"

"उन्हाळ्याबिगर निकाल अधुरा राहतोय. डांबर तापतं, टायर कसं धरतं ते बघायला पायजे. इंजिन किती गरम व्हतं ते बघायला पायजे. महिना दीड महिन्याची गोष्ट हाय."

"अहो, उन्हाळ्यात शाळाच नसती," मामी म्हणाल्या. "मंग उन्हाळ्याचं काय बघायचं?"

मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. यापेक्षा सरळ वाक्य जगात कुणी बोललं नसेल.  मामांनी नकारार्थी मान हलवली.

"एकदाच घ्यायची वस्तू हाय ग. तुझ्याच जिवासाठी करून राह्यलो ना मी. भर रस्त्यात काही झालं मंग?"

मामींनी फोनवरचा हात काढला. "तुझ्या सोयीनं बघ बाई," त्या मैत्रिणीला म्हणाल्या. "माझं काही खरं न्हाई." आणि फोन ठेवून त्या माझी बादली भरली का बघायला आल्या. ती केव्हाच भरून वाहत होती.

परतूरकडची एक तरुण मुलगी त्या जागेवर लागली.

मामांनी उन्हाळाही पुरा केला. भर दुपारी, डोक्याला ओला पंचा बांधून. त्यात मामी गेल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणाल्या. मामांनी त्यांच्याऐवजी मागे आणखी गव्हाच्या पिशव्या बांधल्या आणि वजन बराबर जुळवलं.

जूनमध्ये निकाल जाहीर झाला. लहान गाडी. मामांनी कंपनीत सगळ्यांना चहा दिला, त्या दिवशी एकाच पुडीचा, आणि का लहान हे इतकं मुद्देसूद सांगितलं की शेठसुद्धा ऐकत उभे राहिले. संध्याकाळी झेंडूचा हार घातलेली कोरी गाडी फाटकातून आत आली. मामींनी हळद-कुंकू वाहिलं, हँडलजवळ स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळं नेहमीसारखं नीटनेटकं केलं. मामांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्यासमोर धरली. 

"घे. तुझी हाय."

मामींनी किल्लीला कुंकू लावलं.

"आता कुठं जायचंय मला?" त्या म्हणाल्या.

आवाजात राग असता तर मामांना काही बोलता आलं असतं. नव्हता. त्यांनी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि आरतीचं ताट उचलून आत गेल्या. मामा हाराकडे बघत उभे राहिले. मला आजही ते डोळ्यांसमोर आणवत नाही.

त्यानंतर गाडी मामाच चालवायला लागले. त्या उंच माणसाचे गुडघे त्या लहान गाडीवर थेट हँडलला लागायचे. पहिले दोन-चार दिवस ऑफिसात हसाहशी झाली, मग कुणी हसेनासं झालं. मामी बाजारात जायच्या त्या आठनंतर, ऑटोने. दारातल्या गाडीच्या बाजूने वळसा घालून फाटकाबाहेर जायच्या. लग्नकार्याला दोघांना जायचं असलं तर मुकाट्याने मागे बसायच्या. भांडण नव्हतं. स्वयंपाक तसाच चविष्ट, मामांचा डबा तसाच वेळेवर. पायरीवरचा वर्ग मात्र बंद झाला. पोरं यायची, मामी त्यांना लाडू द्यायच्या आणि घरी पाठवायच्या.

एकदा प्लॉटवर कपाशीच्या ओळींतून जाताना मामा अचानक थांबले. पाठमोरेच बोलले.

"उन्हाळा सोडायला पायजे होता का ग?"

"हो मामा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते बराच वेळ एक पान हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिले.

"उन्हाळ्यात दोन्ही गाड्या सारख्याच निघाल्या," ते म्हणाले.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी जालना सोडलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधून झाल्यावर मी खाली निरोप घ्यायला गेले. मामा ओट्यावर बसले होते. मला त्यांनी जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू जाऊन राह्यली. एक काम कर. तिला विचार, गाडी का चालवत न्हाई. पलीकडच्या कॉलनीत नवी बालवाडी निघाली, तिथं बाई पायजे म्हनत्यात. मी विचारलं तर बोलत न्हाई ती. तुझं ऐकंल."

मी स्वयंपाकघरात गेले. मामी भेंडी चिरत होत्या. मी बालवाडीचं सांगितलं, गाडीचं विचारलं. त्यांना लगेच कळलं की मला कुणी पाठवलंय.

"राग न्हाई राह्यला आता," त्या म्हणाल्या. "मानूस वाईट न्हाई. माझ्या जिवाला इतकं कोन जपतंय? पन पोरी, वरीसभर त्यांनी गाडी बघितली. पाऊस बघितला, थंडी बघितली, ऊन बघितलं. तू सांगितल्यावरबी मैदानावर आले न्हाईत. मी पुढं बसल्यावर कशी चालवते, येवढं एक सोडून सगळं बघितलं त्यांनी. त्या गव्हाच्या पिशवीत आन् माझ्यात काय फरक राह्यला सांग."

मी काही बोलणार तोच माझी नजर दाराकडे गेली. मामा उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मामींनीही त्यांना बघितलं, पण बोललेलं मागे घेतलं नाही. मामांनी देवघराजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढली आणि ते अंगणात गेले.

खिडकीतून आम्हाला दिसत होतं. त्यांनी गाडीला किल्ली लावली, गाडी फाटकाकडे तोंड करून उभी केली. मग लांब पाय टाकून ते मागच्या सीटवर बसले. पुढची जागा मोकळी. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

"ऐकलं का," त्यांनी हाक मारली. "ये ना. मी मागं बसतो."

मामी हातात सुरी तशीच धरून बघत राहिल्या. त्यांचे ओठ मैदानात मिटले होते तसेच घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता जातील. मी मनातून म्हणतही होते, जा, जा. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि गॅस पेटवून कढई ठेवली.

"तू जेवून जा," त्या मला म्हणाल्या.

मी जेवले. मामा आत आले नाहीत. जेवण झाल्यावर मी मामींच्या पाया पडले, त्यांनी मला पोटाशी धरलं, ओटी भरली. मी अंगणात आले तेव्हा चांगलाच अंधार पडला होता आणि मामा अजून गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले होते. डास हाकलत होते. मी वाकून नमस्कार केला. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी म्हटलं, मामा, आत चला, ताट वाढलंय.

"तू हो पुढं," मामा म्हणाले. "येईल ती. तिला काही जल्दी करायची न्हाई."